भरून पावलो

नागपूरहून छिंदवाड्याला निघालेला प्रवासी सावनेर मागे टाकून उत्तरेकडे चालू लागला, म्हणजे सातपुड्याचा घाट चढण्यापूर्वी त्याला सौंसर लागते. नागपूरच्या मैदानातील काळी जमीन इथवर येऊन डोंगराच्या पायथ्याशी थांबते. कपाशी आणि ज्वारी ही इथली जुनी पिके; संत्र्याच्या बागा त्यामानाने अलीकडच्या. लोकांची बोली मराठी, सोयरसंबंध नागपूर-वर्ध्याकडचे आणि कचेरी मात्र छिंदवाड्याची, अशी या भागाची पिढ्यानपिढ्यांची रीत होती. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर मध्यप्रदेशात राहिले. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर तहसील त्यात आली.

आजचे भाषण मात्र सीमांविषयी नाही, कर्जाविषयी आहे. शेतकरी कर्जात का बुडतो, यावर आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. जोतीराव फुले यांच्या १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'पासून सरकारी समित्यांच्या जाडजूड अहवालांपर्यंत त्याची परंपरा आहे. परंतु कर्ज फिटते कसे, आणि दहा-दहा वर्षे पोटाला चिमटा घेऊन ते फेडणाऱ्या माणसाचे मन टिकते कशावर, याचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. तो इतिहास शोधू लागलो म्हणजे सौंसर ज्या जुन्या मध्यप्रांतात होते, त्या प्रांताकडे आपल्याला वळावे लागते. कर्ज फेडण्याची उमेद टिकवण्यासाठी काय करावे लागते, याचे काही पहिले प्रयोग याच प्रांतात झाले.

कर्जाने गरिबांनाच गाठले असे समजण्याचे कारण नाही. पहिला बाजीराव पेशवा रणांगणावर कोणापुढे वाकला नाही. पण धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींना त्याने लिहिलेली पत्रे वाचली म्हणजे दुसराच बाजीराव दिसू लागतो. सावकारांच्या आणि शिलेदारांच्या पाया पडता पडता कपाळाची कातडी सोलवटून निघाली, अशा आशयाचे उद्गार त्याने काढले आहेत. त्याचा नातू माधवराव याला राज्याबरोबर कर्जही वारशाने मिळाले. १७७२ साली थेऊरला मरणशय्येवर असताना त्याने कारभाऱ्यांकडून जी नऊ कलमे मान्य करून घेतली, त्यांत कर्जाच्या फेडीचे कलम होते. अवघ्या सत्तावीस वर्षांच्या, क्षयाने खंगलेल्या त्या पुरुषाला शेवटच्या दिवसांत देण्याघेण्याचा हिशेब पुरा व्हावा असे वाटत होते. त्याच्याजवळ कारभारी होते, फडणीस होते, देण्याचा आकडा कागदावर होता. आकडा डोळ्यांसमोर असला की मरणाऱ्या माणसालाही तो मिटवावासा वाटतो. सौंसरच्या कुणब्याजवळ यातले काय होते?

नागपूरकर भोसल्यांच्या अमलात हा मुलूख होता तेव्हा खुद्द राजाच मोठा व्यापारी होता. १८०३ च्या देवगावच्या तहाने दुसऱ्या रघूजीच्या हातून कटक आणि वर्धा नदीपलीकडचा वऱ्हाड गेला, आणि उरलेल्या मुलखातून तूट भरून काढण्याचा त्याने असा सपाटा लावला की लोक त्याला 'बडा बनिया' म्हणू लागले. ते काही असो. त्या काळी कुणब्याला मिळणाऱ्या कर्जाला एक स्वाभाविक मर्यादा होती. जमीन विकत घेता येत नव्हती, गहाण टाकून फारसे काही मिळत नव्हते. सावकार द्यायचा ते पिकाच्या भरवशावर. आणि पिकाच्या भरवशावर मिळून मिळून मिळणार किती?

१८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६१ साली मध्यप्रांताची स्थापना झाली आणि त्यानंतरच्या जमाबंदीत गावच्या पाटलांना आणि मालगुजारांना जमिनीची मालकी मिळाली. इंग्रज अधिकाऱ्यांचा हेतू चांगला होता. मालक झालेला माणूस जमिनीत पैसा घालील, विहिरी खोदील, असा त्यांचा तर्क होता. त्याच वर्षांत अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेला पोहोचेना आणि आपल्याकडच्या कापसाला न भूतो असा भाव आला. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोहोचली. विकता येणारी जमीन, वधारलेले पीक आणि दाराशी आलेली बाजारपेठ, या तिहींनी कुणब्याची पत एकदम वाढली. पत वाढली म्हणजे कर्ज वाढते, हे अर्थशास्त्र न शिकलेल्यालाही कळते. पुढे अमेरिकेतले युद्ध संपले, भाव कोसळला. कर्ज मात्र होते तिथेच राहिले, किंबहुना तिथे न राहता चालू लागले.

कर्ज चालते कसे, हे जरा निवांतपणे पाहिले पाहिजे, कारण माणसाची उमेद नेमकी कुठे मोडते ते त्यातच दडलेले आहे.

बी-बियाण्यासाठी घेतलेल्या धान्याचा हिशेब सवाई-दिढीचा असे. पेरणीला एक खंडी न्यायची, सुगीला सव्वा किंवा दीड खंडी परत करायची. एका हंगामाचा व्यवहार म्हणून पाहिले तर तो समजण्यासारखा आहे. पेरणीच्या वेळी धान्य महाग, सुगीला स्वस्त, आणि बुडण्याचा धोका सावकाराच्या माथी. पण एक वर्ष पीक गेले आणि सव्वा खंडीवर पुन्हा सवाई चढली, असे पाच वर्षे झाले, की एका खंडीच्या तीन खंड्या होतात. दिढीने तर साडेसातच्या वर जातात.

रोख कर्जाची गोष्ट याहून गुंतागुंतीची होती आणि तिच्यात कायद्याने, नकळत, भर घातली. १८५९ साली मुदतीचा कायदा आला. कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आत दावा लावला नाही तर तो बुडाला, असा त्याचा अर्थ. कुळाच्या मानेवर जुन्यापान्या खतांचे ओझे राहू नये, हा उद्देश. झाले उलटेच. पूर्वी सावकार वर्षानुवर्षे थांबत असे. आता तो तिसऱ्या वर्षी कुळाला बोलावून सांगू लागला, 'खत नवे करून दे, नाहीतर दावा लावतो.' नव्या खतात थकलेले व्याज मुद्दल होऊन बसे. कुळ निमूटपणे अंगठा उठवी.

एक उदाहरण घेऊ. ते कोणा एका कुळाचे नाही. कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही करून पाहता येईल असे आहे. शंभर रुपये कर्ज, व्याज दरमहा दर शेकडा दोन रुपये. हा दर त्या काळी काही जगावेगळा नव्हता. कुळ कष्टाळू आहे, दर वर्षी वीस रुपये न चुकता भरते. तीन वर्षांत व्याज झाले बहात्तर, भरले साठ. नवे खत झाले एकशे बारा रुपयांचे. पुढच्या तीन वर्षांनी खत एकशे बत्तीसचे, त्यापुढे एकशे अडुसष्टचे, आणि बाराव्या वर्षी दोनशे एकोणतीसचे. म्हणजे बारा वर्षांत या माणसाने शंभर रुपयांपोटी दोनशे चाळीस रुपये भरले आणि तो पहिल्यापेक्षा दुपटीहून अधिक कर्जदार झाला. एकही वर्ष चुकला नाही, दारू प्यायला नाही, लग्नात हात सैल सोडला नाही, तरीही!

आता या माणसाने तेराव्या वर्षी वीस रुपये भरावेत कशासाठी? त्या वीस रुपयांत मुलीच्या लग्नाचे चार दागिने झाले असते, किंवा निदान दिवाळीला घरात गोडधोड झाले असते. इंग्रज अधिकारी आणि आपल्यातले पुष्कळ शहाणे लोक कुणब्याला उधळ्या म्हणत. 'ऋण काढून सण' ही म्हण त्याच्या तोंडावर फेकली जाई. मला वाटते, या गृहस्थांनी कारणाच्या जागी परिणाम ठेवला. भरलेला पैसा कुठे जातो ते दिसत नाही, उरलेले देणे किती ते कळत नाही, शेवट कुठे आहे ते कोणी सांगत नाही. अशा स्थितीत काटकसर करणारा माणूस संत तरी असला पाहिजे किंवा वेडा तरी. बाकीचे सण साजरा करतात.

आणि खाते तर सावकाराच्या घरी. कीर्द त्याची, खतावणी त्याची, लिपी त्याची. पैसे देताना कसर कापून घेतली तरी खतावर आकडा पुरा लिहिलेला असे. वसूल जमा केला की नाही, हे कुळाला विचारता येई, पण तपासता येत नसे. सगळे सावकार लबाड होते असे मी मुळीच म्हणत नाही. गावात रोगराई आली, बैल मेला, रात्री-अपरात्री पैसा लागला तर धावून जाण्याचे ठिकाण एकच होते आणि तेथून विन्मुख यावे लागत नसे. देहूच्या तुकोबांच्या घरीही महाजनकी होती. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडून दिली, असे परंपरा सांगते. पण लबाडी नसली तरी अंधार होताच. अंधारात प्रामाणिक सावकार आणि लुच्चा सावकार सारखेच दिसतात.

या अंधाराविरुद्ध पहिला मोठा उठाव सौंसरपासून दूर, पुणे आणि नगर जिल्ह्यांत झाला. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातील करडे गावी लोकांनी सावकारावर बहिष्कार घातला. १२ मे १८७५ रोजी भीमथडीतील सुपे गावी बाजारच्या दिवशी दंगा झाला आणि पाहता पाहता तो गावोगाव पसरला. या दंग्यांची एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. जमलेल्या लोकांनी मुख्यतः मागितले ते कागद. खते, रोखे, हुकूमनामे दिले तर सावकाराला सहसा इजा झाली नाही. दिले नाहीत तर मात्र बळजोरी झाली. कागदांची होळी झाली. ज्या कागदावर आपलाच अंगठा आहे आणि जो आपल्याला वाचता येत नाही, त्या कागदाचा शेवट करण्याचा दुसरा उपाय त्यांना ठाऊक नव्हता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा केला. त्याची कलमे पुष्कळ आहेत आणि त्यांवर वादही पुष्कळ झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी काही वर्षे विशेष न्यायाधीश म्हणून याच कायद्याखालील कामकाज तालुक्या-तालुक्यांतून फिरून पाहिले. न्यायाधीशाला खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासता यावा, व्याज मुद्दलाहून अधिक मिळू नये, देणे हप्त्यांनी फेडता यावे, कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात जावे लागू नये, या त्यातील मोठ्या गोष्टी. मुद्दलाहून अधिक व्याज नाही, हा दामदुपटीचा नियम आपल्या धर्मशास्त्रातला. तो या कायद्याच्या हिशेबात आला. परंतु माझे लक्ष कायद्याच्या शेवटाकडच्या तीन साध्या कलमांकडे जाते. कुळाने पैसे भरले तर त्याला लेखी पावती मागण्याचा हक्क. वर्षातून एकदा खात्याचा उतारा मागण्याचा हक्क. आणि स्वतःजवळ ठेवायला पासबुक मागण्याचा हक्क. मोठमोठ्या कलमांच्या गर्दीत ही तीन बिचारी मागे उभी आहेत. 'तुझे देणे इतके होते, तू इतके दिलेस, इतके राहिले' हे वाक्य ऐकण्याचा अधिकार कर्जदाराला आहे, हे कायद्याने त्यांतून मान्य केले.

हा कायदा मुंबई इलाख्याचा. मध्यप्रांतातल्या कुणब्याला त्याचा उपयोग नव्हता. त्याच्या वाट्याला आले १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन दुष्काळ. एकातून सावरतो न सावरतो तोच दुसरा आला. कर्ज इतके साचले की ते वसूल होण्याची आशा सावकारांनाही राहिली नाही. आणि तेव्हा प्रांताच्या काही जिल्ह्यांत अधिकाऱ्यांनी, कायद्याचा आधार नसताना, सावकार आणि कुळे यांना समोरासमोर बसवून तडजोडी घडवून आणल्या. बुडीत रकमेवर पाणी सोडायचे, उरलेली हप्त्यांनी घ्यायची. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला आणि तिकडे सर्वांचे लक्ष गेले; तडजोडीची आठवण कचेऱ्यांच्या दप्तरात राहिली.

ती बाहेर निघाली १९२९ नंतर. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात जे घडले त्याचा हादरा सौंसर-पांढुर्ण्याच्या कापसाला बसल्यावाचून कसा राहणार? भाव निम्म्यावर आले. कर्ज रुपयांत लिहिलेले होते. भाव निम्मा झाला म्हणजे तेच कर्ज फेडायला दुप्पट कापूस लागू लागला. याच सुमारास बँकिंग चौकशी समित्यांनी केलेल्या अंदाजात ब्रिटिश हिंदुस्थानातील शेतकऱ्यांचे कर्ज सुमारे ९०० कोटी रुपये आणि मध्यप्रांत-वऱ्हाडचे ३६ कोटींच्या घरात धरले होते. हा अंदाज मंदीचा पुरता तडाखा बसण्याआधीचा.

१९३३ साली मध्यप्रांताच्या कायदेमंडळाने कर्ज-तडजोडीचा कायदा केला. हिंदुस्थानात या प्रकारचा हा पहिला कायदा. पंजाबने १९३४ साली, बंगाल आणि आसामने १९३५ साली, मद्रासने १९३६ साली तीच वाट धरली. ठिकठिकाणी तडजोड मंडळे नेमली गेली. त्यांचे काम कसे चाले, हे पाहण्यासारखे आहे.

कर्जदाराने किंवा सावकाराने अर्ज करायचा. मग मंडळ सर्व सावकारांना नोटीस काढी: अमुक मुदतीच्या आत या माणसाकडे तुमचे जे काही येणे आहे ते कागदपत्रांसह मांडा. ज्याने मांडले नाही त्याचे येणे बुडाले. या एका अटीने मोठे काम केले. माणूस बहुधा एकाचा कर्जदार नसतो. एकाचे खत, दुसऱ्याचे धान्य, तिसऱ्याची कापडाची उधारी, शिवाय सोयऱ्याचे हातउसने. आपण एकूण किती देणे लागतो, हे मनाशी मोजण्याचे धैर्य पुष्कळांना आयुष्यभर होत नाही. रात्री झोप येत नाही ती अर्धी या न मोजलेल्या आकड्यामुळे. मंडळापुढे तो आकडा प्रथमच एका कागदावर, एका बेरजेत उतरे. बेरीज पाहून कोणाला घाम फुटत असेल, कोणाला उलट 'एवढेच का?' असेही वाटत असेल.

मग बोलणी सुरू होत. मंडळातली माणसे परिसराची माहिती असलेली. या शेतात काय पिकते, या माणसाचे खायला किती लागते, हे त्यांना कळे. कर्जदाराला किती झेपेल ते पाहून रक्कम ठरायची, तिचे वार्षिक हप्ते पाडायचे. येण्याच्या शेकडा चाळीस भागाचे धनको कबूल झाले की करारनामा नोंदला जाई. जो सावकार वाजवी देऊ केलेली रक्कम नाकारील, त्याच्याविरुद्ध कर्जदाराला दाखला मिळे. मग त्या सावकाराला पुढे दाव्याचा खर्च नाही, आणि दाखल्याच्या तारखेपासून दर साल दर शेकडा सहा रुपयांहून अधिक व्याज नाही. जबरदस्ती नव्हती, पण आडमुठेपणा महाग पडावा अशी योजना होती. सावकारही सहसा यायला तयार होत, कारण त्या मंदीत शंभराचा कागद पेटीत ठेवण्यापेक्षा साठ रुपये हातात येणे त्यालाही बरे होते.

मघाच्या उदाहरणातला माणूस पुन्हा आठवा. त्याचे दोनशे एकोणतीस रुपयांचे खत मंडळापुढे आले. मूळ व्यवहार पाहून एकशे साठावर तडजोड झाली, असे धरू. दर वर्षी वीस रुपयांचा हप्ता, आठ वर्षे. माणूस तोच, शेत तेच, वीस रुपये तेच. पूर्वी वीस रुपये भरले की देणे वाढे. आता एकशे साठाचे एकशे चाळीस होतात, पुढच्या वर्षी एकशे वीस. चौथ्या वर्षी तो बायकोला सांगू शकतो की अर्धे संपले. पंढरीच्या वाटेवर चालणाऱ्या माणसाला वाखरी ठाऊक असते. पाय तेच दुखत असतात, पण उरलेले अंतर कळलेले असते.

हे सगळे इतके सुरळीत झाले, असे मात्र कोणी समजू नये. पुष्कळ ठिकाणी हप्ते थकले. मंडळाने आकडा ठरवला तरी पावसाची आणि कापसाच्या भावाची हमी देणे मंडळाच्या हाती नव्हते. हप्ता चुकला तर तो जमीनमहसुलाच्या थकबाकीसारखा वसूल करता येत असे. म्हणजे पूर्वी सावकाराचा माणूस दाराशी यायचा, आता तहसीलचा शिपाई यायचा. कित्येक हप्ते मुळातच बेताबाहेरचे ठरले होते. रक्कम कमी झाली या आनंदात कर्जदाराने मान डोलावली आणि दुसऱ्याच वर्षी त्याची ओढाताण झाली. शिवाय नवे कर्ज मिळणे दुरापास्त झाले. ज्याने एकदा मंडळाची पायरी चढली, त्याला पुन्हा बियाण्यापुरतेही देताना सावकार हात आखडता घेऊ लागला. आठ वर्षांच्या वाटेत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी बैल मरणारच; तेव्हा काय करायचे, याचे उत्तर करारनाम्यात नसे. माझ्या मते या कायद्याचे खरे उणे तेथे होते.

त्याला जोड म्हणून प्रांताने आणखी कायदे केले. १९३४ च्या सावकारी कायद्याने सावकाराने प्रत्येक कुळाचा हिशेब नीट ठेवावा, वर्षाकाठी त्याला खात्याचा उतारा द्यावा आणि भरलेल्या पैशाची पावती द्यावी, असे बंधन घातले. पुण्याकडे १८७९ साली जो हक्क मागितल्यावर मिळणार होता, तो इथे न मागता देण्याचे कर्तव्य ठरला. पंचावन्न वर्षे लागली, पण फरक मोठा आहे. ज्याच्यापुढे हात जोडून उभे राहायचे त्याच्याकडे पावती मागण्याची छाती किती जणांची होते?

१९३६ चा आणखी एक कायदा होता, औद्योगिक कामगारांच्या कर्जाच्या निरसनाचा. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती. शेतीत भागेना म्हणून गिरणीत आलेल्या माणसाचे कर्ज त्याच्या मागोमाग शहरात येई, आणि पगाराच्या दिवशी पैसे मागणारा फाटकापाशी उभा असे. या कायद्याने महिना पन्नास रुपयांपर्यंत मजुरी असलेल्या कामगाराचे देणे, त्याच्या मजुरीतून शिल्लक टाकता येईल अशा रकमेइतके कमी करून, जास्तीत जास्त तीन वर्षांत मिटवण्याची तरतूद केली. तीन वर्षांची ही मर्यादा ज्याने सुचवली तो माणूस मनुष्यस्वभावाचा जाणकार असला पाहिजे. तीन वर्षे माणूस ताणून धरतो, मुलाचा सदरा आणखी एक वर्ष ठिगळावर काढतो. पंधरा वर्षे म्हटले की पहिल्याच वर्षी त्याचा हात सैल पडतो. पाठोपाठ १९३७ साली, कामगाराच्या घराभोवती किंवा कामाच्या जागी घिरट्या घालून, अडवून, धमकावून वसुली करणे हा गुन्हा ठरला. फेडणाऱ्याला लाज वाटली तर तो तोंड चुकवतो, आणि तोंड चुकवणारा हिशेब करीत नाही. लाजेचा हा भाग हिशेबाइतकाच महत्त्वाचा आहे.

१९३९ साली, पंडित रविशंकर शुक्ल मुख्यमंत्री असताना, तडजोडीची जागा सक्तीने घेतली. कर्जनिवारणाची न्यायालये निघाली आणि धनको कबूल असो वा नसो, देणे कमी करण्याचा व हप्ते बांधून देण्याचा अधिकार त्यांना मिळाला. मग महायुद्ध आले, शेतमालाचे भाव चढले, आणि ज्याच्याजवळ विकायला काही उरत होते अशा शेतकऱ्याने भराभरा जुनी देणी मिटवली. कायद्याने जे पुरते साधले नव्हते ते भावाने साधले. ज्याच्याजवळ विकायला काही उरत नव्हते, तो अर्थातच होता तिथेच राहिला. १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत, जिच्या समितीवर धनंजयराव गाडगीळ होते, असे आढळले की शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांकडून शेकडा तीनच्या आसपास आणि सावकारांकडून शेकडा सत्तरच्या आसपास येत होते. पन्नास वर्षांच्या सहकारानंतरचा हा हिशेब.

हप्ते, पासबुक, वार्षिक उतारा हे शब्द आता आपल्या इतके अंगवळणी पडले आहेत की त्यांच्यासाठी सुप्याला कोणी कागद जाळले होते, हे लक्षातही येत नाही. घरासाठी, मुलांच्या शिक्षणासाठी, मोटारसायकलीसाठी काढलेले कर्ज फेडताना बँकेचा उतारा येतो आणि आपण तो न वाचता खणात टाकतो. चार ठिकाणी चार कर्जे असलेला आजचा पगारदार एकूण बेरीज करायचे टाळतो, तेव्हा तोही मंडळापुढे जाण्याआधीच्या कुणब्याच्या जागी उभा असतो. फरक एवढाच की त्याचे खाते त्याला वाचता येते.

आपल्या भाषेने कर्जाच्या शेवटासाठी एक शब्द ठेवला होता: फारखत. सर्व देणे मिटले, आता एकमेकांवर काही येणे नाही, असा लेखी दाखला म्हणजे फारखत. पुढे हा शब्द 'फारकत' होऊन नवरा-बायकोच्या ताटातुटीला चिकटला आणि कर्जदार त्याला मुकला. दुसरा एक शब्दप्रयोग मात्र अजून दस्तऐवजांत सापडतो. जुन्या घरांतून आढ्याला किंवा खुंटीला टांगलेली एक वाकडी तार असे आणि तिच्यात वर्षावर्षाच्या पावत्या ओवलेल्या असत. महसुलाच्या, सोसायटीच्या, सावकाराच्या. ज्यांना वाचता येत नव्हते तेही तारेवरच्या कागदांची जाडी बोटांनी चाचपून पाहू शकत. सगळ्यात वरच्या पावतीवर, देणे पुरे झाले असेल तर, घेणाऱ्याच्या हातचे दोन शब्द असत: भरून पावलो. त्याखाली तिकीट, तिकिटावर सही. मूळ खत परत हाती येई ते सहीच्या जागी फाडलेले. असे फाडलेले खत पुष्कळ घरांत टाकून देत नसत; तेही त्याच तारेत ओवून ठेवीत.